तंबूत पाऊस आला कुठून?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



येत्या डिसेंबरात आपली मुलं गडावर मुक्कामाला निघालीयत. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तंबूबद्दल चार शब्द बोला." बँकेत जन्मभर कर्जाआधी तारण तपासलं, तंबू घेताना मात्र मी फक्त वजन आणि किंमत पाहिली. एकपदरी, अगदी हलका घेतला.

तो घेऊन नातवासोबत पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. हिवाळ्याची रात्र. थंडी नको म्हणून सगळ्या चेन लावल्या, हवेची झडपही बंद केली. पहाटे अंगावर पाणी ठिबकू लागलं. बाहेर तर लख्ख चांदणं! आमच्याच श्वासातली वाफ थंड कापडाला लागून पाणी झाली होती. स्लीपिंग बॅग ओली, पोर कुडकुडतंय. उजाडेपर्यंत त्याला शालीत छातीशी धरून बसलो. सूनबाईंना हे आज पहिल्यांदाच कळतंय.

तेव्हा मुलांनो, तंबू दुपदरी घ्या: आत जाळी, वर पाणी अडवणारं कापड. दोघांचा असा तंबू साधारण दोन किलोत मिळतो. थंडीत ऊब स्लीपिंग बॅग आणि खालची मॅट देते, तंबू नव्हे; म्हणून झडप उघडीच ठेवा. उन्हाळ्यात वरचं कापड काढलंत तरी चालेल. डास, विंचू जाळी अडवते. पावसाळ्यात खोलगट जागा टाळा. खाली अंथरलेलं प्लॅस्टिक तंबूबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पाणी त्यावरून आत शिरतं. वारा असेल तर अरुंद बाजू वाऱ्याकडे करा, दोऱ्या ताणून बांधा. कड्याच्या टोकाशी तंबू नको. विजा चमकत असतील तर तंबूचा भरवसा धरू नका. आत स्टोव्ह तर कधीच पेटवू नका. त्याचा विषारी वायू झोपेत कळतही नाही. आणि मुक्कामाला परवानगी आहे का, हे आधी विचारा.

घरी आल्यावर तंबू वाळवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी धरते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता सगळे तंबू गच्चीवर आणा. उभारू, वरून पाइपने पाणी सोडू. गळती कुठली आणि ओल कुठली, हा वाद आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षं चालू आहे. निदान तंबूपुरता तरी निकाली काढू!