एकाच सामन्याची फेरी



अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. जवळजवळ रोज मैदानात उतरायचं. आज हरलो तर उद्या भरून काढू, असा हा खेळ. एवढ्या सामन्यांनंतर जो संघ वर येतो, तो केवळ नशिबाने आलेला नसतो. तरीही २०१२ ते २०२१ या काळात, २०२० चं वर्ष सोडलं तर, प्लेऑफची पहिली फेरी फक्त एका सामन्याची होती. गटाचं विजेतेपद हुकलेले दोन सर्वोत्तम संघ प्रत्येक लीगमध्ये एका रात्री समोरासमोर येत आणि हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपे. या सामन्याला 'वाइल्ड कार्ड गेम' म्हणत. सहा महिन्यांच्या मेहनतीचा निकाल एका रात्रीत लावणं हा अन्यायच, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. मला मात्र त्या सामन्याची बाजू मांडायची आहे, आणि त्यासाठी ३० सप्टेंबर २०१४ ची रात्र पुरेशी आहे.

त्या रात्री कॅन्सस सिटी रॉयल्स आणि ओकलंड अ‍ॅथलेटिक्स यांची गाठ कॅन्सस सिटीच्या कॉफमन स्टेडियमवर पडली. रॉयल्स १९८५ मध्ये जगज्जेते झाले होते आणि त्यानंतर २९ वर्षं त्यांना प्लेऑफचं तोंडही दिसलं नव्हतं. मधल्या काळात तिथली एक पिढी लहानाची मोठी झाली. ओकलंडने मात्र अशाच सामन्यासाठी तयारी केली होती. जुलैअखेर त्यांनी योएनिस सेस्पेडिससारखा जोरकस बॅटर बोस्टनला देऊन जॉन लेस्टर हा मोठ्या सामन्यांत तावून सुलाखून निघालेला पिचर आणला होता.

रॉयल्सचा संघ जरा वेगळाच होता. त्या हंगामात तीस संघांपैकी सर्वांत कमी होम रन त्यांचे, अवघे ९५. आणि सर्वांत जास्त चोरलेले बेस त्यांचेच, १५३. बेस चोरणं म्हणजे काय, ते सांगतो. क्रिकेटमधली चोरटी धाव आपल्या परिचयाची आहे, पण तिथे फलंदाज चेंडू तटवून पळतो. इथे बॅटरने चेंडू मारलेलाच नसतो. पिचरचा हात सुटला की बेसवरचा खेळाडू पुढच्या बेसकडे धाव घेतो, आणि कॅचरचा थ्रो येण्याआधी पोचला तर तो बेस त्याचा. फसला तर बाद.

सहाव्या इनिंगपर्यंत रॉयल्स ३-२ असे पुढे होते. तेव्हा व्यवस्थापक नेड योस्ट यांनी आपला मुख्य पिचर जेम्स शील्ड्स याला काढून दोनच दिवसांपूर्वी पिचिंग केलेल्या योर्डानो व्हेंतुराला आणलं. ओकलंडच्या ब्रँडन मॉसने लगेच तीन धावांचा होम रन मारला. पहिल्या इनिंगमध्येही त्याने एक मारलाच होता. बघता बघता ओकलंड ७-३ ने पुढे गेले. समोर लेस्टर. सामना संपल्यातच जमा होता.

आठव्या इनिंगपासून रॉयल्स पळायला लागले. लेस्टर चेंडू पहिल्या बेसकडे फेकून धावपटूला क्वचितच धाक दाखवी. ओकलंडचा दणकट हाताचा कॅचर जिओव्हानी सोटो तर अंगठा दुखावल्याने सुरुवातीलाच बाहेर गेला होता. त्या इनिंगमध्ये तीन धावा झाल्या, ७-६. नवव्यात जॅरड डायसन केवळ पळण्यासाठी मैदानात आला, सहकाऱ्याने हलकेच तटवलेल्या चेंडूवर, म्हणजे बंटवर, दुसऱ्या बेसला पोचला आणि त्याने तिसरा बेस चोरला. नोरी आओकीच्या उंच फटक्यावर तो घरी आला. ७-७. संपूर्ण सामन्यात रॉयल्सनी सात बेस चोरले आणि प्लेऑफमधल्या विक्रमाशी बरोबरी केली. १६२ सामन्यांच्या हिशेबात अशी एखादी चोरी कुणाच्या लक्षातही राहत नाही. इथे तिच्यावर हंगाम तरला.

जादा इनिंगमध्ये रॉयल्सचा पिचर ब्रँडन फिनेगनने किल्ला लढवला. जूनमध्ये हा मुलगा कॉलेजच्या स्पर्धेत खेळत होता! बाराव्यात ओकलंड पुन्हा ८-७ असे पुढे गेले. मग एरिक हॉस्मरचा तीन बेसचा फटका, क्रिस्टियन कोलोनच्या उसळत्या चेंडूवर बरोबरी, कोलोनने चोरलेला दुसरा बेस, आणि तोवर पाच वेळा अपयशी ठरलेल्या साल्वादोर पेरेझने तिसऱ्या बेसवरच्या जॉश डोनाल्डसनच्या पलीकडून काढलेला चेंडू. ९-८. हा सामना धरून सलग आठ सामने जिंकत हाच संघ वर्ल्ड सीरीज या अंतिम मालिकेत गेला, सातव्या सामन्यात हरला आणि पुढच्या वर्षी जिंकला.

ओकलंडचं दुःख मला कमी लेखायचं नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांनी ९७-९७ सामने जिंकले आणि दोन्ही वेळा याच एका सामन्यात ते बाहेर पडले. २०२२ पासून ही फेरी तीन सामन्यांची झाली, सगळे वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. ओकलंडच्या चाहत्याला हा बदल फार उशिरा आला असं वाटलं, तर ते रास्तच आहे.

पण आजचा नियम त्या रात्री असता, तर पेरेझच्या फटक्यानंतर रॉयल्सना दुसऱ्या दिवशी पुन्हा ओकलंडशीच खेळावं लागलं असतं. मग ना योस्ट यांनी व्हेंतुराला एका दिवसाच्या विश्रांतीवर बोलावण्याचा जुगार खेळला असता, ना हेरेरा, डेव्हिस, हॉलंड आणि फिनेगन या सगळ्या पिचरना एकाच रात्री पणाला लावलं असतं. उद्यासाठी कुणाला तरी राखून ठेवावंच लागलं असतं.