अंबेकाठचे बंदर आणि गोदीतला माणूस : स्वागताध्यक्षीय भाषण
नागोठणे हे अंबा नदीवरचे जुने बंदर. धरमतरच्या खाडीतून भरतीचे पाणी गावापर्यंत चढते; त्यावर मचवे येत. काम पाण्याच्या वेळेवर चाले, पहाट असो की मध्यरात्र. मचव्यापासून काठापर्यंत एक फळी आणि फळीवर पाठीवर पोते घेतलेला हमाल, एवढीच बंदराची यंत्रसामग्री.

गावाचे खरे वैभव म्हणजे अंबेवरचा दगडी पूल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधला. कठड्यांमधली रुंदी जेमतेम दहा फूट. बांधणाऱ्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, पण चार शतके गाव त्याच्याच दगडांवरून चालत आले. पाहुण्यांनी तो पाहिल्यावाचून जाऊ नये.

नागोठण्याच्या बंदरासारखाच मुंबईच्या गोदीतही पूर्वी माणूसच बोजा उचली. हातात लोखंडी आकडा, डोक्यावर मुकादम, आणि आज काम मिळाले तर उद्याची खात्री नाही. १९४८च्या कायद्याने गोदी कामगारांच्या नोंदणीची आणि पाळीपाळीने काम देण्याची वाट मोकळी झाली. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी संघटना बांधली. कामगारांच्या टोळीने हात आखडला की जहाज अडे. कामगाराचे बळ त्यातच होते.

१९५६ मध्ये अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन निघाले, आणि पुढे जगभर पोत्यांची जागा पेट्यांनी घेतली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. टोळीचे काम क्रेनचालकाकडे गेले. १९९४ मध्ये मुंबईचे गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. पाठीवरचा बोजा उतरला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर जहाज अडवण्याची ताकदही गेली. वाटाघाटीचा विषय मजुरीकडून नोकऱ्या टिकवण्याकडे आणि बंदरासाठी जमीन गेलेल्यांना काम मिळण्याकडे वळला. याच खाडीत धरमतरला आज बार्जमधला कोळसा क्रेन उचलते आणि तो पट्ट्यावरून डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातो.

महामार्गावर पाहुण्यांचे हाल झाले, निवासासाठी शाळेचे वर्ग द्यावे लागले, पंखे अपुरे पडले; याबद्दल स्वागत समिती मनापासून क्षमा मागते. तांदूळ देणारे शेतकरी, मासळी पाठवणाऱ्या कोळिणी, मंडप फुकट उभारून देणारे व्यावसायिक आणि घरची अंथरुणे आणून देणाऱ्या माउली यांचे समितीवर ऋण आहे. रात्रीच्या पोपटीसाठी वालाच्या शेंगा, मडकी आणि भांबुर्डीचा पाला आसपासच्या वाड्यांनी पोहोचवला आहे. शेवटचे सत्र आटोपताच पुलाजवळच्या शेतात पोपटी लागेल.