कंबरदुखी आणि पिलाटेस



बँकेच्या खुर्चीत वीस वर्षे बसून माझी कंबर धरली. दोन वर्षे पट्टा बांधला. तो सोडला की दुखणे हजर! जुनाट कंबरदुखीत नेहमी पट्टा बांधू नये, व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सांगितले.

पिलाटेस हा असाच एक व्यायाम. जोसेफ पिलाटेस या जर्मन गृहस्थाने पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत असताना त्याला आकार दिला. शहरात त्यासाठी यंत्रे असतात. ऊसतोडीला जाणाऱ्याची कंबर धरली तर मजुरी बुडते, त्याला यंत्रे कुठली? मिरजगावात सतरंजी पुरते.

उताणे पडून गुडघे दुमडावेत. श्वास सोडत बेंबी हलकेच आत ओढावी, मग माकडहाडापासून एकेक मणका उचलत कंबर वर न्यावी, तशीच सावकाश टेकवावी. मला सावकाशपणाच जड गेला! पोटाचे आतले स्नायू बळकट झाले की मणक्याला आधार मिळतो.

इतर व्यायामांपेक्षा हा सरस, असे मात्र २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ठरले नाही. झेपेल तो करावा, पण रोज. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सतरंजी गुंडाळून तडक डॉक्टर गाठावा.