सर्टिफिकेट कुठवर नेतं? डेटा अ‍ॅनालिस्ट होऊ पाहणाऱ्यांशी चार गोष्टी

(युवक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. झालेली आपली पोरं-पोरी पुण्याला, बेंगळुरूला डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागांसाठी अर्ज करतात, आणि त्याआधी हमखास विचारतात, "दादा, पायथनचं कुठलं सर्टिफिकेट करू?" आज तेवढंच बोलूया.

पहिली गोष्ट म्हणजे सर्टिफिकेट या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार खपवले जातात. एक असतो कोर्स संपवल्याचा दाखला. व्हिडिओ बघितले, चार सोप्या प्रश्नांची उत्तरं दिली, पीडीएफ हातात आली. दुसरं असतं रीतसर परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र. लिंक्डइनवर दोन्ही सारखीच दिसतात. भरती करणाऱ्याला मात्र फरक कळतो.

आता परीक्षेत विचारतात तरी काय? पायथन इन्स्टिट्यूटची पीसीईपी नावाची सुरुवातीची परीक्षा घ्या. ४० मिनिटं, ३० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. प्रश्न साधारण असे: उणे सातला दोनने भागून पूर्णांक घेतला तर पायथन काय छापेल? उत्तर उणे तीन नाही, उणे चार. हे माहीत असणं चांगलंच आहे. पण या परीक्षेच्या अभ्यासक्रमात पांडाज नाही, आणि पायथनमध्ये डेटाचं रोजचं काम तर त्यावरच चालतं. गूगलचा २०२१ मध्ये सुरू झालेला डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स बऱ्याच जणांनी पायथन शिकायचं म्हणून घेतला. त्यात भाषा होती आर. पैसे भरायच्या आधी अभ्यासक्रम वाचा, एवढंच म्हणतो.

नोकरीत काय करावं लागतं त्याचं आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. समजा, तुमच्याकडे दोन फायली आहेत. एकीत २०११ च्या जनगणनेची जिल्हावार लोकसंख्या. दुसरीत गेल्या वर्षीचा कुठल्यातरी योजनेचा जिल्हावार खर्च. साहेब म्हणतात, दरडोई खर्च काढ. तुम्ही जिल्ह्याचं नाव धरून दोन्ही तक्ते इनर जॉइनने जोडता. कोड चालतो. लाल अक्षरात काही येत नाही. तक्ता तयार, साहेबांना मेल केला.

आणि त्या तक्त्यात बेळगाव नाहीच.

का? कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ ला शहरांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग बदललं. जनगणनेच्या तक्त्यात बेलगाम आहे, नव्या फाईलमध्ये बेळगावी. तेच विजापूरचं, गुलबर्ग्याचं, म्हैसूरचं. नावं जुळली नाहीत की इनर जॉइन त्या ओळी गुपचूप टाकून देतो. सुमारे ४७ लाख ८० हजार लोकसंख्येचा जिल्हा अहवालातून गेला आणि कुणाला पत्ता नाही. लेफ्ट जॉइन केला असता तर बेळगावसमोर रिकामी जागा दिसली असती, आणि जोडण्याआधी-नंतर ओळी मोजल्या असत्या तरी लक्षात आलं असतं. आपल्याकडच्या पोराला हे पटकन सुचायला हवं, कारण एका गावाची तीन-तीन नावं आपण जन्मापासून ऐकतोय!

मुलाखतीतही याच जातीचा प्रश्न येतो. "गेल्या महिन्यात काहीच खरेदी न केलेल्या ग्राहकांची यादी काढ." पोरं लेफ्ट जॉइन बरोबर लावतात, पण तारखेची अट वेअरमध्ये घालतात. ज्यांनी खरेदीच केली नाही त्यांच्यासमोर तारीख रिकामी असते, त्यामुळे नेमके तेच ग्राहक गळतात. अट जॉइनच्या ऑनमध्ये घालायची, आणि मग खरेदीची बाजू रिकामी असलेल्या ओळी निवडायच्या. हे पाठ करून येत नाही, दहा वेळा चुकून येतं.

मग सर्टिफिकेट करूच नये का? तसं नाही. बी.ए., बी.कॉम. करून या क्षेत्रात येणाऱ्याच्या अर्जावर संगणकाशी नातं सांगणारं दुसरं काही नसतं, तिथे परीक्षेचं प्रमाणपत्र पहिल्या चाळणीतून पुढे न्यायला मदत करू शकतं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांचा भागीदार दर्जा टिकवायला काही सेवा कंपन्यांना प्रमाणित माणसं दाखवावी लागतात, तिथेही त्याला भाव असतो. जाहिरातीत पॉवर बीआय मागितलं असेल तर पायथनच्या कागदापेक्षा पीएल-३०० जास्त कामाचं. आणि खिशाचा विचार केला तर एनपीटीईएल बघा. शिकणं फुकट, परीक्षेची फी हजार रुपयांच्या आसपास, पेपर केंद्रावर जाऊन द्यायचा. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनचा कोर्स तिथेच आहे.

माझा राग आहे तो 'नोकरीची हमी' देऊन हप्त्यावर फी भरायला लावणाऱ्या क्लासवर. सही करण्याआधी बघा, तो हप्ता खरा क्लासचा आहे की कुठल्या फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. कर्ज असेल तर क्लास बंद पडला तरी वसुलीचा फोन तुमच्याच वडिलांना येणार.

भाषेचं म्हणाल तर मराठी माध्यमातून आलोय म्हणून दबून राहू नका. आपल्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत मोठ्याने सांगायचा सराव करा, आरशासमोर करा, मित्रासमोर करा. आणि कन्नड वाचता येत असेल तर अर्जात लिहा. इथल्या सरकारी खात्यांच्या कितीतरी फायली कन्नडमध्ये येतात, पुण्यातला अ‍ॅनालिस्ट तिथे अडकतो. वाद वेगळा, फाईल वेगळी.

तेव्हा आधी एसक्यूएल, मग आपल्या भागाच्या डेटावर एक पूर्ण काम, मग वाटलं तर परीक्षा. बेळगाव मार्केट यार्डातल्या कांदा-बटाट्याचे रोजचे भाव आणि आवक अ‍ॅगमार्कनेटवर फुकट मिळतात, तिथून सुरुवात करता येईल. सरासरी भाव काढताना आवकेचं वजन धरायला विसरू नका. दहा पोत्यांचा दिवस आणि हजार पोत्यांचा दिवस सारखा नसतो. ज्यांना फाईल उतरवून बघायची आहे त्यांनी चहानंतर थांबा, लॅपटॉप आणलाय.