खिडकीवरचे उत्तर आणि टेबलावरचा सल्ला

(शाखेच्या वार्षिक सभेत एका सेवानिवृत्त डाक सहायकाने केलेले भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. मागण्यांचा ठराव नंतर येणारच आहे, त्यात मी शिरत नाही. मी बोलणार आहे एका टेबलाबद्दल. नागपुरात अजनीच्या बाजूला, रेल्वे वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत एक लहानशी धर्मादाय संस्था आहे. दर शनिवारी दुपारी तीन ते सात तिथे अडचणीतल्या माणसाला मोफत सल्ला मिळतो. निवृत्त झाल्यापासून मी तिथे बसतो. का बसतो ते आधी सांगतो, कारण ती माझ्याच चुकीची गोष्ट आहे.

2022 च्या ऑगस्टमध्ये मी बचत बँकेच्या खिडकीवर होतो. एक बाई नवऱ्याचे पासबुक घेऊन आल्या. नवरा महिन्यापूर्वी वारला होता, खात्यात अकरा हजार रुपये होते, नामनिर्देशन नव्हते. मी नियम सांगितला. पाच लाखांपर्यंतची रक्कम असेल तर कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र लागत नाही, मृत्यूनंतर सहा महिन्यांनी कागद घेऊन या. बाई सहा महिन्यांनी आल्या, पैसे घेऊन गेल्या. माझे उत्तर शंभर टक्के बरोबर होते.

पुढे त्या पुन्हा दिसल्या त्या या टेबलासमोर. तेव्हा कळले की नवरा चालत्या गाडीतून पडून गेला होता. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 124-अ खाली प्रवाशाच्या अशा मृत्यूला रेल्वेकडून भरपाई मिळते. चूक कोणाची हे त्यात पाहिले जात नाही; आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा असे काही अपवाद तेवढे आहेत. 1 जानेवारी 2017 पासून ही रक्कम आठ लाख आहे. पण दावा एका वर्षाच्या आत रेल्वे दावा अधिकरणात लावायचा असतो. बाईंना कोणी तरी सांगितले होते की खिशात तिकीट सापडले नाही, म्हणजे काही मिळत नाही. 2018 च्या रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की केवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही. मग एक एजंट भेटला. त्याने मिळेल त्यातले अर्धे, असे कागदावर लिहून घेतले आणि दावा लावलाच नाही. वर्ष उलटून गेले.

साथींनो, त्या दिवशी खिडकीवर मी एकच प्रश्न जास्तीचा विचारला असता, "बाई, मालक कशाने गेले?", तर? रांग होती हे खरे. पण आमच्या कार्यालयाच्या समोरच स्टेशन आहे, आणि तिथले अर्धे लोक माझ्या ओळखीचे.

आता टेबलावर काम कसे चालते ते सांगतो. माणूस पिशवी घेऊन येतो. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, वीजबिल, औषधाच्या चिठ्ठ्या, कोर्टाचे समन्स, सगळे एकत्र. पहिला नियम असा की पिशवीतला प्रत्येक कागद वाचायचा, माणसाने दाखवलेला तेवढाच नाही. दुसरा नियम, मध्ये बोलायचे नाही. हा मला सगळ्यात जड गेला. पस्तीस वर्षे खिडकीवर बसलेल्या माणसाला समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यायची सवयच नसते. रेशनकार्डावर नाव चढवायचे म्हणून आलेली मावशी अर्ध्या तासाने सांगते की कार्ड सावकाराकडे गहाण आहे. मग तिला सांगता येते की विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करायची. टेबल कपाटाच्या आड लावले आहे, कारण ओट्यावर शेजारीण बसलेली असली की सावकाराचे नाव तोंडातून निघत नाही.

शेवटी एका कार्डावर तीन गोष्टी लिहून देतो: कुठे जायचे, काय न्यायचे, कोणत्या तारखेच्या आत. पैसे घेत नाही, चहासुद्धा नाही. आणि आम्ही वकील नाही हेही सांगतो. कोर्टाचे काम असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 चा, अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 ला. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. देशभर 15100 हा त्याचा फोन क्रमांक आहे. आमच्या सभासदांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, हात वर करायला सांगत नाही.

त्या बाईंना असाच वकील मिळाला. विलंबमाफीच्या अर्जासह दावा दाखल झाला. तो अधिकरणापुढे आहे, म्हणून पुढचे बोलत नाही.

ही कल्पना काही आमची नाही. ब्रिटनमध्ये 1939 साली युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 4 सप्टेंबरला, नागरिकांना सल्ला देणारी 200 केंद्रे उघडली. हरवलेली रेशनपुस्तके, बॉम्बने पडलेली घरे, बेपत्ता नातेवाईक, असे प्रश्न. ती स्थानिक केंद्रे आजही स्वतंत्र धर्मादाय संस्था म्हणून चालतात, आणि तिथे बसणाऱ्यांत स्वयंसेवक मोठ्या संख्येने असतात.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे, युनियनने कशाला? सरकारचे आहेच, ते आपण मागत राहूच. पण आपल्याच स्टेशनवर झाडू मारणारा कंत्राटी कामगार बघा. कामावर असताना तो गेला, तर भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या विम्यातून वारसांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्याच्या पगारातून त्यासाठी एक पैसा कापलेला नसतो, म्हणून घरच्यांना विमा आहे हेच माहीत नसते. ठेकेदार सांगत नाही. तो आपला सभासद नाही, म्हणून आपणही सांगत नाही.

संस्थेकडे सध्या आम्ही तिघे आहोत: मी, एक निवृत्त शिक्षिका आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्या एक वकील बाई. रेल्वेचे कागद वाचणारे कोणी नाही. स्टेशन मास्तरांचा मेमो, रेल्वे पोलिसांचा पंचनामा यांत काय असायला हवे आणि काय राहून गेले, हे मला कळत नाही, तुम्हाला कळते. शनिवारी ड्यूटी असेल तर महिन्यातून एक शनिवार चालेल. नावे सभा संपल्यावर माझ्याकडे द्या, मी दाराशी थांबतो.