मांडुळाचे न दिसणारे गिऱ्हाईक



अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशात दोन वेगवेगळे निसर्ग शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीची उंच भिंत आहे. तेथील कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. दक्षिणेला आणि पूर्वेला कर्जत, श्रीगोंदे, जामखेड, पाथर्डी हे तालुके. तेथे पाऊस कमी, झाडे विरळ आणि गवताचे माळ विस्तीर्ण. या माळांना आपण वर्षानुवर्षे 'पडीक' म्हणत आलो. पण याच 'पडीक' जमिनीवर काळविटांसाठी १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. त्याच्या एक वर्ष आधी, १९७९ मध्ये, सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित करण्यात आले. म्हणजे ज्या भूमीला आपण ओसाड समजलो, ती निसर्गाच्या हिशेबात श्रीमंत होती.

काळवीट डोळ्यांत भरतो, माळढोकाची बातमी होते. परंतु याच मातीत एक असा जीव राहतो, ज्याचे कौतुक कोणी केले नाही आणि ज्याची किंमत मात्र कोट्यवधी रुपयांत सांगितली जाते. त्याचे नाव मांडूळ.

मांडूळ म्हणजे काय?

मांडूळ हा बिनविषारी साप आहे. भुसभुशीत, वाळूमिश्रित जमिनीत तो स्वतःला पुरून घेतो आणि उंदरांवर जगतो. भक्ष्याला विळखा घालून तो ते मारतो. चालणे संथ, स्वभाव गरीब. त्याची शेपटी टोकदार नसून बोथट, तोंडासारखीच दिसणारी. शत्रूने हल्ला केला की तो डोके अंगाखाली लपवतो आणि शेपूट पुढे करतो. घाव शेपटीवर बसतो, डोके वाचते. निसर्गाने या दुबळ्या जिवाला दिलेली ही ढाल. या ढालीलाच लोकांनी दुसरे तोंड मानले आणि त्याचे नाव 'दुतोंड्या' पडले. तो सहा महिने एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्या, असे सांगितले जाऊ लागले. जी शेपूट त्याला घारी-मुंगुसांपासून वाचवीत होती, तीच माणसाच्या हातून त्याचा घात करणारी ठरली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर धान्याची नासाडी करणारा उंदीर बिळात शिरून मारणारा हा बिनपगारी राखणदार आहे. त्याला पकडून नेणारा आपल्याच शिवारातला पहारा उठवीत असतो.

अफवेची साखळी

मांडुळाच्या व्यापाराचा गाभा समजून घ्यावयास हवा. कोणी म्हणते, तो घरात ठेवला की गुप्तधन सापडते. कोणी म्हणते, पैशाचा पाऊस पडतो. कोणी त्याला असाध्य रोगांवरचे औषध ठरवतो, तर कोणी परदेशातील एखाद्या गूढ प्रयोगशाळेचे नाव घेतो. यातील एकाही गोष्टीला शास्त्राचा आधार नाही. मग भाव ठरतो कशावर? तर वजनावर. अमुक किलोच्या वर भरला तर अमुक कोटी. वजन वाढविण्यासाठी त्या मुक्या जिवाच्या पोटात धातूच्या गोळ्या कोंबल्याच्या बातम्याही वृत्तपत्रांतून येऊन गेल्या आहेत.

आता या व्यवहाराची रचना पाहा. शिवारात साप पकडणारा तो काही हजारांना देतो. घेणारा तो लाखांना विकण्याचे स्वप्न पाहतो. त्याच्याकडून घेणारा शहरातल्या दलालाला कोटीची गोष्ट सांगतो. प्रत्येक जण पुढच्याच्या भरवशावर पैसे गुंतवतो. कोटी रुपये रोख मोजणारे ते शेवटचे गिऱ्हाईक मात्र या साखळीतल्या कोणीच पाहिलेले नसते. थोडेफार साप हौशी पाळणाऱ्यांकडे पोहोचत असतीलही, पण कोटीचा भाव हा निव्वळ अफवेचा भाव आहे. झटपट श्रीमंतीच्या साखळी योजना जशा चालतात, तसाच हा बाजार चालतो. फरक एवढाच की येथे बुडणारी ठेव म्हणजे एक जिवंत प्राणी असतो. आणि पुष्कळदा जे गिऱ्हाईक अखेर समोर येते, ते पोलिसांनी पाठविलेले बनावट गिऱ्हाईक असते!

हे चित्र काल्पनिक नाही. २०१६ ते २०२१ या काळातील वृत्तपत्रीय बातम्यांचा अभ्यास एका वन्यजीव संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देशभरात मांडूळ जप्त झाल्याच्या १७२ घटना आढळल्या. सर्वांत जास्त घटना कोणत्या राज्यातल्या? आपल्या महाराष्ट्रातल्या, ५९. उत्तर प्रदेश ३३ घटनांसह दुसऱ्या क्रमांकावर. संतांची भूमी, सुधारकांची भूमी म्हणून मिरवणाऱ्या महाराष्ट्राने या यादीत पहिला क्रमांक मिळवावा, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. शिवाय या आकड्यांत फक्त उघडकीस आलेली प्रकरणे आहेत.

जागतिक पातळीवर हा प्रश्न किती मोठा आहे, हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालातून दिसते. २०१५ ते २०२१ या काळात १६२ देश व प्रदेशांत सुमारे ४००० प्रजातींचा बेकायदा व्यापार नोंदला गेला. आपल्या देशात सरिस्कातील सर्व वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा राष्ट्र हादरले. त्यानंतर २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो स्थापन झाला. पण वाघ संपला हे कळले, कारण वाघ मोजला जातो. मांडूळ कोण मोजतो? खवले मांजर कोण मोजते? एखाद्या माळावरून मांडूळ नाहीसा झाला, तर त्याची बातमी होणार नाही. फक्त उंदीर वाढतील.

कायदा आणि त्याची वाट

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. साप मारणे तर सोडाच, तो पकडणे हीसुद्धा या कायद्याच्या व्याख्येत 'शिकार' ठरते. शिकारीचा प्राणी ही सरकारची मालमत्ता. तो कोणाच्या ताब्यात सापडला, तर ताबा कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर येते. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली, दंड वाढले आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली. कायदा दुबळा नाही. परंतु या कायद्याखालील खटला न्यायालयात उभा राहण्यासाठी अधिकृत वनाधिकाऱ्याची रीतसर तक्रार लागते, पंचनामा निर्दोष लागतो, प्राण्याची ओळख तज्ज्ञाकडून पटवावी लागते. यातील एक कडी निसटली की आरोपी सुटतो. पोलीस आणि वनविभाग पहिल्या तासापासून एकत्र आले तरच खटला टिकतो.

आणखी एक अवघड प्रश्न आहे. पकडला कोण जातो? बहुतेक वेळा तो माणूस, ज्याच्या पोत्यात साप असतो. म्हणजे बेकार तरुण, कर्जात बुडालेला शेतकरी किंवा भटक्या-विमुक्त समाजातला कोणी. दलाल दूरध्वनीच्या पलीकडे सुरक्षित राहतो.

येथे पारध्यांविषयी बोलणे आवश्यक आहे. नगर जिल्ह्यात या समाजाची वस्ती मोठी आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. १९७२ नंतर शिकार बंद झाली, हे योग्यच झाले. पण ज्यांचे पोट फासावर चालत होते, त्यांच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न समाजाने विचारला नाही. गारुड्यांचेही तेच झाले. या प्रश्नाला कृतीने उत्तर देणारेही आहेत. तुळजापूरजवळ यमगरवाडी येथे १९९३ पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रकल्प उभा राहिला. त्यामागे असलेल्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. विदर्भात अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेने फासेपारधी समाजालाच गवताळ माळांच्या व तणमोराच्या राखणीत सहभागी करून घेतले. पाखराची चाहूल ज्याला सर्वांत आधी लागते, त्याच्याइतका उत्तम राखणदार दुसरा कोण असणार? ज्या मुलाच्या हाती पाटी येते, त्याला दलालाच्या पोत्याची गरज उरत नाही. संरक्षण आणि समरसता ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

आपल्या घरातले गिऱ्हाईक

दोष मात्र केवळ शिवारातल्या माणसाचा नाही. शहरातल्या सुशिक्षित घरांनीही आरशात पाहावे. भरभराटीसाठी काचेच्या पेटीत ठेवलेले तारा कासव कोठून आले? ते जंगलातून चोरून आणलेले असते. २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार वर्ज्य ठरला. दारातल्या पिंजऱ्यातला पोपट? तो पाळणे हा गुन्हा आहे. पूजासाहित्याच्या दुकानात वनस्पतीची मुळी म्हणून मिळणारी 'हत्ताजोडी' ही पुष्कळदा घोरपडीच्या नराचे वाळविलेले जननेंद्रिय असते, हे उजेडात आले आहे. श्रद्धेने लाल वस्त्रात गुंडाळून देव्हाऱ्यात आपण काय ठेवले आहे, हे त्या गृहिणीला कळले तर ती क्षणभर तरी ते घरात ठेवील काय?

काही जण याला परंपरेचे नाव देतात. परंपरा काय सांगते? याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी भगवद्गीतेवर भाष्य सांगितले आणि शेवटी सकल भूतमात्रांच्या मैत्रीचे दान मागितले. नागपंचमीला आपला शेतकरी नांगर धरीत नाही, घरची लक्ष्मी त्या दिवशी चिरणे-कापणे करीत नाही. जमिनीतल्या जिवाला इजा होऊ नये, एवढी त्यामागची कळकळ. त्या जिवाला पोत्यात घालून वजनकाट्यावर ठेवणे ही परंपरा नव्हे, परंपरेचा विक्रय आहे.

मित्रहो, करावयाचे काम अवघड नाही. मांडुळाच्या किमतीचा संदेश भ्रमणध्वनीवर आला, तर तो पुढे पाठवू नये; पाठविणाऱ्याला समजवावे. गणेशोत्सवात, ग्रामसभेत, शाळेत सापांविषयी एक तास खरी माहिती द्यावी. कोठे साप कोंडलेला, विकावयास आणलेला आढळला तर स्वतः साहस न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. सुटका झालेला जीव त्याच्याच माळावर परत गेला की नाही, याची चौकशी करावी.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, ती कोणा पोलिसाच्या धाकाने नव्हे. गावाने ठरविले आणि पाळले. डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आले. ज्या जिल्ह्यातल्या गावाला झाडासाठी असा निर्धार करता येतो, त्या जिल्ह्यातल्या गावांना मातीखालच्या जिवासाठी तो का करता येऊ नये? २०२४ मध्ये या जिल्ह्याला चोंडीच्या लेकीचे, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. त्यांच्या राज्यात मुक्या जिवांच्या पाण्याचीही चिंता वाहिली जात असे, अशी लोकस्मृती आहे. नाव घेणे सोपे असते. त्या नावाला शोभेल असे शिवार राखणे, हे आता येथील प्रत्येक घराचे कर्तव्य आहे.