देवाचे दार आणि आपले दार



एकच देव सर्व धर्मांच्या माणसांना जवळ करतो का, यावर मला बोलायचे आहे. मी सातवी शिकलेली बाई. शास्त्रार्थ मला येत नाही. पण आपल्या संतांकडे पाहिले की उत्तर सापडते. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान. त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, आणि वारकरी त्यांना संत मानतात. देवाने त्यांना धर्म विचारला नाही.

विचारतो तो माणूस. चोखोबांना देवळाबाहेर ठेवले ते माणसांनीच. त्यांची समाधी आजही महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

तेव्हा प्रश्न देवाच्या दाराचा नाही, आपल्या दाराचा आहे. हळदीकुंकवाला पलीकडच्या मुसलमान किंवा ख्रिस्ती बिऱ्हाडी बोलावणे करताना आपले पाऊल अडखळते. तिला कुंकू नको असेल तर नको. तिळगूळ तर घेईल, घटकाभर बसेल. मात्र तिच्यासाठी कप वेगळा काढू नये.

येत्या संक्रांतीला मंडळाने गल्लीतील एकही घर वगळू नये, एवढीच माझी सूचना आहे.